मुलांच्या वॉर्डात आई-बापांना अधिकाराची जागा हवी

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या एमवायमध्ये, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले आणि पुढच्या काही दिवसांत ती दोन्ही बाळं दगावली. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, निलंबनं झाली, पेस्ट कंट्रोलच्या ठेक्यावर बोट ठेवलं गेलं. मृत्यू चाव्यामुळे झाला की जन्मजात व्यंगामुळे, यावर वाद झाला. तेव्हापासून मुलांच्या वॉर्डांविषयी शहरात जे बोललं जातं त्याचे दोनच सूर आहेत. एक पक्ष म्हणतो, नातेवाइकांची गर्दी हटवा. ते डबे आणतात, बिस्किटं सांडतात, म्हणून उंदीर येतात. पास कडक करा, गार्ड वाढवा, कॅमेरे लावा. दुसरा म्हणतो, डॉक्टर आणि अधिकाऱ्यांना धडा शिकवा, बाकीचं आपोआप सुधारेल. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही मांडणीत मुलाचे आई-बाप बाहेरचेच राहतात. एकाला ते अडचण वाटतात, दुसऱ्याला मोर्चात पुढे धरायचा फोटो.

गंभीर आजारी मुलांच्या वॉर्डाचा कारभार सुधारायचा असेल, तर आई-बापांना त्या कारभारात ठरलेली जागा द्यावी लागेल. त्या जागेसाठी त्यांना शिकवावं, तिला अधिकार असावा आणि तिचा मोबदला मिळावा. हे दयेपोटी मागण्याचं कारण नाही. मुलाविषयी आणि वॉर्डाविषयी त्यांच्याजवळ जी माहिती असते ती रुग्णालयात दुसऱ्या कुणाजवळ नसते, आणि आज ती माहिती रोज वाया जाते.

मुळात आई-बाप आताही वॉर्ड चालवतातच. कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात एक पाळी उभं राहून बघा. स्ट्रेचर बाप ढकलतो. रक्ताचा नमुना लॅबच्या खिडकीवर काका नेऊन देतो, रिपोर्ट आणायलाही तोच जातो. रक्तपेढीतून पिशवी आणणं, सलाइन संपत आलं की नर्सला हाक मारणं, नेब्युलायझरचा मास्क धरून बसणं, शेजारच्या खाटेवरच्या बाळाची आई बाथरूमला गेली तर त्याच्याकडे लक्ष ठेवणं, सगळं घरचेच करतात. डॉक्टर सहा तासांनी बदलतो, नर्स आठ तासांनी बदलते, निवासी डॉक्टरांची तुकडी काही महिन्यांनी दुसऱ्या विभागात जाते. त्या खाटेशी चोवीस तास बांधलेलं माणूस एकच, आणि राऊंडच्या वेळी त्याच माणसाला ‘बाहेर थांबा’ सांगतात. अंगमेहनत चालते, निरीक्षण चालत नाही, ही विभागणी कुठल्या शास्त्रात बसते?

इंदूरकरांना तर हा प्रश्न नवा वाटायला नको. १९९४ साली सुरतेत प्लेग आला तेव्हा याच एमवायमध्ये उंदरांनी उच्छाद मांडला होता. तत्कालीन जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांनी रुग्णालय रिकामं करून मोहीम घेतली, शहरातल्या लोकांनी पैसा आणि श्रम दिले, आणि त्यातून रोगी कल्याण समितीची कल्पना उभी राहिली. सरकारी रुग्णालयाच्या कारभारात समाजाचा वाटा असावा, ही ती कल्पना. पुढे ती मध्य प्रदेशभर गेली, आणि २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा देशभर पोचली. म्हणजे रुग्णालयात नागरिकांना खुर्ची देण्याची पद्धत देशाने इंदूरकडून घेतली. तीस वर्षांनी त्याच इमारतीत पुन्हा उंदीर कसे आले, याचं अर्धं उत्तर त्या खुर्च्यांवर कोण बसलं यात आहे. समितीत अधिकारी आले, लोकप्रतिनिधी आले, देणगीदार आले. चर्चा पर्चीच्या, म्हणजे केस पेपरच्या, शुल्काची, दुकानांच्या भाड्याची, यंत्रखरेदीची होत राहिली. रात्री दोन वाजता वॉर्डात काय दिसतं हे ज्याला ठाऊक असतं, असं माणूस त्या टेबलापाशी क्वचितच पोचलं. कल्पना चुकली नव्हती, ती अर्धीच अमलात आली.

याच शहराने कचऱ्याच्या बाबतीत उलटं करून दाखवलं. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत सलग पुढे आहे ते केवळ गाड्या आणि दंड यांच्या जोरावर नाही. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा होऊ लागला, म्हणजे कामाचा पहिला टप्पा नागरिकाच्या हातात दिला, त्याला शिकवलं, आणि गाडी रोज वेळेवर येऊन आपला शब्द पाळू लागली. यातली एकही गोष्ट गळाली असती तर काय झालं असतं? मग मुलांच्या वॉर्डात आपण फक्त गार्डवर भिस्त का ठेवतो?

विरोधातले मुद्दे मात्र हलके नाहीत. पहिला जंतुसंसर्गाचा. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला बाहेरून आलेला एखादा जंतूही पुरतो. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की साधा सर्दीचा माणूसही त्याला धोका ठरतो. एमवायच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटसारख्या ठिकाणी तर दार उघडण्याचेही नियम असतात, असायलाच हवेत. हे मान्य करून पुढचा प्रश्न विचारू: वॉर्डात जंतू एका बाळाकडून दुसऱ्याकडे कोण नेतं? बहुतेक वेळा हात नेतात, आणि अनेक बाळांना हात लावतात ते कर्मचारी. आई एकाच बाळाला हात लावते. तिचे हात नीट धुतलेले असले तर त्या खोलीतले सर्वांत कमी धोक्याचे हात तिचे आहेत.

हा वाद आधी एकदा पुरता लढला गेला आहे. १९५० च्या सुमारास ब्रिटनमधल्या कितीतरी रुग्णालयांत आजारी मुलाला भेटायला आठवड्यातून तासा-दोन तासांची परवानगी असे. कारणं हीच दिली जात: संसर्ग, गोंधळ, आणि आई आली की मूल जास्त रडतं. संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचा रुग्णालयातला मुक्काम चित्रित करून दाखवला, आणि ज्याला परिचारिका ‘मूल रुळलं’ म्हणत होत्या ती अवस्था प्रत्यक्षात मुलाने आशा सोडल्याची होती, हे डॉक्टरांना डोळ्यांनी बघावं लागलं. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने भेटीची वेळ खुली करा, आईला मुलाजवळ राहू द्या, अशी शिफारस केली. तरी रुग्णालयं हलेनात. १९६१ मध्ये पालकांनीच संघटना काढली आणि कोणतं रुग्णालय शिफारस पाळतं, कोणतं नाही, याची पाहणी करत राहिले. अहवाल कपाटातून वॉर्डात आणायला पालकांचा रेटा लागला.

आपल्याकडे तर पुरावा घरचाच आहे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आजारी नवजात बाळांच्या आई-बापांना शिकवून देखभालीत घेतलं, त्याची रीतसर चाचणी झाली. संसर्ग वाढला नाही. घरी जाताना निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण वाढलं. २०१७ मध्ये केंद्र सरकारने याच पद्धतीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दिल्लीचंच सफदरजंग रुग्णालय जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात होतं. १ किलो ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना जन्मानंतर लगेच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न बघता, आईच्या छातीशी ठेवलं. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जंतुसंसर्गाच्या संशयाचं प्रमाणही कमीच निघालं. त्यासाठी आईची खाट बाळाच्या अतिदक्षता विभागातच लावावी लागली. आईला दाराबाहेर ठेवण्यात सुरक्षितता आहे, हे गृहीतक या आकड्यांपुढे टिकत नाही.

अर्थात, ‘आईला आत घ्या’ एवढं म्हणून भागत नाही. दार उघडलं आणि शिकवलं नाही तर पहिल्या आठवड्यात घोटाळा होतो, आणि मग ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ म्हणून दार पुन्हा बंद होतं. सरकारी सूचनांत शिक्षणाचे चार टप्पे आहेत: आत येण्याची शिस्त, रोजची देखभाल आणि दूध काढून पाजणं, छातीशी धरणं, आणि घरी जाण्याची तयारी. पहिल्या टप्प्यातच किती बारकावे आहेत पाहा. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं. आपल्याकडे हिरव्या बांगड्या काढायला सासू नाही म्हणते, आणि हे नर्सला आईपेक्षा सासूशी बोलून सोडवावं लागतं. नखं कापलेली. हात कोपरापर्यंत दोन मिनिटं, सहा पायऱ्यांनी. नंतर टॉवेलला पुसायचे नाहीत, कारण एकच टॉवेल चाळीस जण वापरतात. हवेत वाळू द्यायचे किंवा निर्जंतुक कागद वापरायचा. मोबाइल बाहेर, कारण धुतलेल्या हाताने पहिली वस्तू उचलली जाते ती तीच. नळ कोपराने बंद होणारा नसला तर धुतलेला हात नळ बंद करताना पुन्हा खराब होतो. ही शेवटची गोष्ट कुठल्या अहवालात येत नाही, पण दिवसातून आठ वेळा दूध काढायला आत-बाहेर करणाऱ्या आईला दुसऱ्याच दिवशी कळते. अशा आयांना महिन्यातून एकदा विचारलं असतं, तर कितीतरी नळ आजवर बदलले असते.

दुसरा आक्षेप ज्ञानाचा. आई-बापांना वैद्यकी येत नाही, त्यातून मूल आजारी, मन थाऱ्यावर नाही. त्यांच्या सांगण्यावर कारभार कसा चालवायचा? यात तथ्य आहे. एका घरच्या एका कडू अनुभवावरून नियम केला तर तो बहुधा चुकीचा होतो. पण डॉक्टरजवळ हजार मुलांचं ज्ञान असतं, आईजवळ एका मुलाचं. ‘आज याचं रडणं निराळं आहे’ हे वाक्य फक्त तीच बोलू शकते, आणि बिघाडाची पहिली खूण पुष्कळदा मॉनिटरआधी तिथे दिसते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दीड वर्षांची जोसी किंग गेली. भाजल्याच्या जखमा भरत आल्या होत्या. मूल तहानेने ओला कपडा चोखतंय, हे आई सांगत राहिली. निर्जलीकरण वेळेत ओळखलं गेलं नाही, आणि त्यात अफूजन्य वेदनाशामक दिलं गेलं. तिच्या आईने पुढे आयुष्य याच कामाला वाहिलं. २००५ मध्ये पिट्सबर्गच्या एका रुग्णालयाने घरच्यांना थेट तातडीचं पथक बोलावता येईल अशी सोय केली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये रायन सॉन्डर्स या तीन वर्षांच्याही आतल्या मुलाच्या मृत्यूनंतर तीन पायऱ्यांचा नियम झाला: आधी नर्स किंवा डॉक्टर, मग प्रभारी नर्स, आणि तरी शंका राहिली तर एक फोन, ज्यानंतर दुसरा डॉक्टर येऊन मुलाला तपासतोच. लंडनमध्ये २०२१ साली तेरा वर्षांची मार्था मिल्स सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने, गेली. पालकांनी काळजी बोलून दाखवली होती, मुलीला अतिदक्षता विभागात हलवलं गेलं नाही. २०२४ पासून इंग्लंडच्या रुग्णालयांत तिच्या नावाचा नियम लागू होत आहे.

तीन देश, तीन मुलं, आणि तिन्हीकडे पालकांनीच नियम करून घेतला. ‘मग सारखे फोन वाजतील’ ही भीती सगळीकडे होती. जिथे सोय झाली तिथे फोनांचा पूर आला नाही. आपल्याकडे हे करायला काय लागतं? वॉर्डाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक नंबर, तो उचलणारा त्या वॉर्डाबाहेरचा ज्येष्ठ निवासी डॉक्टर, तपासायला येण्यासाठी पंधरा मिनिटांची मर्यादा, आणि फोन केला म्हणून कुणावर डूख धरला जाणार नाही ही लेखी हमी. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. झाबुआ-अलीराजपूरहून आलेली भिलाली बोलणारी आई ‘डॉक्टरसाहेब रागावतील’ म्हणून गप्प बसते, आणि तिचं मौन आपण समाधान समजतो.

ज्ञानाचा खरा उपयोग कुठे होतो ते एका तासात दाखवता येतं. रक्ताच्या कर्करोगासाठी केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला, एकदाच जरी १०१ फॅरनहाइटवर गेला किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर ती आणीबाणी असते. दारात पोचल्यापासून ६० मिनिटांत पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. कल्चरसाठी, म्हणजे कोणता जंतू आहे ते तपासण्यासाठी, रक्त आधी घ्यायचं, पण पेशींच्या मोजणीची वाट बघायची नाही. हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक आहे. तरी काय होतं? मूल रात्री अकराला कॅज्युअल्टीत येतं. आधी पर्ची, खिडकीवर आयुष्मान कार्ड. घरून निघताना आईने पॅरासिटामॉल दिलेलं असतं, त्यामुळे आता तापमान ९९ दिसतं आणि नवखा इंटर्न त्याला साध्या रांगेत बसवतो. केमोने शिरा कडक झालेल्या, कॅन्युला तिसऱ्या प्रयत्नात लागते. इंजेक्शन कॅज्युअल्टीच्या कपाटात नसतं, बाप बाहेरच्या मेडिकलवर धावतो. पहिली चार दुकानं बंद. तासाचे तीन तास होतात आणि तेवढ्यात रक्तदाब घसरायला लागतो.

हा तास नेमका कुठे गेला हे कर्करोग विभागाच्या प्रमुखांना कळत नाही, कारण ते तिथे नव्हते. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना कळत नाही, कारण त्यांनी एकच टप्पा पाहिला. सगळा रस्ता आई-बापच चालले. म्हणून प्रत्येक पालकाला एक चिठ्ठी द्यावी, तीवर पाच वेळा लिहायला सांगाव्यात: दारात पोचलो, पर्ची मिळाली, डॉक्टरांनी पाहिलं, सुई लागली, इंजेक्शन सुरू झालं. लिहिता येत नसेल तर गार्डने किंवा समाजसेवकाने लिहावं. वीस चिठ्ठ्या जमल्या की वेळ कुठे अडतो ते कुणीही सांगेल. पर्चीच्या खिडकीवर अडत असेल तर मुलाच्या गळ्यात रंगीत कार्ड: ‘केमो चालू आहे, ताप आहे, पर्ची नंतर.’ औषधावर अडत असेल तर पहिल्या डोसचा साठा कॅज्युअल्टीत, त्याची मोजणी दर सोमवारी. पालकांच्या बाजूनेही चुका निघतील, आणि त्या पालकच पालकांना नीट सांगू शकतात: ताप मोजल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, थर्मामीटर गुदद्वारात लावू नका, गावच्या दवाखान्यात कमरेवर इंजेक्शन घेऊ नका, थेट निघा आणि निघताना फोन करा. डॉक्टरने सांगितलेलं अर्धं विसरलं जातं. ज्याचं मूल याच खाटेवर सहा महिने होतं त्या बापाने सांगितलेलं लक्षात राहतं.

थॅलेसेमिया, म्हणजे अंगात पुरेसं रक्त न बनण्याचा जन्मजात आजार, असलेल्या मुलांबाबतही हेच. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, जन्मभर. नमुना सकाळी दिला की क्रॉसमॅच, म्हणजे रक्ताची जुळणी, होऊन पिशवी हाती येईस्तोवर दुपार होते. पिशवी फ्रिजबाहेर काढल्यापासून चार तासांत संपवायची, पण मूल लहान असलं तर घाईने चढवता येत नाही, मग रात्र होते. बऱ्हाणपूरच्या मुलाची शेवटची बस जाते. नमुना आदल्या दिवशी संध्याकाळी, शक्य तर जवळच्या जिल्हा रुग्णालयातून, पाठवण्याची सोय झाली तर मुलाची एक शाळा आणि बापाची एक मजुरी वाचते. क्रॉसमॅचचा नमुना तीन दिवसांपर्यंत चालतो. हा बदल सुचायला वैद्यकीय पदवी लागत नाही, त्या बाकावर दहा वर्षं बसलेलं माणूस लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश झाला त्यामागेही पालकांच्या संघटनांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता.

पालकांची माहिती मोजूनही झाली आहे. उत्तर अमेरिकेतल्या बालरुग्णालयांत घरच्यांना रोज पद्धतशीर विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलेल्या चुका रुग्णालयाच्या स्वतःच्या नोंदवहीतल्या चुकांच्या पाचपट निघाल्या. पुढे सात रुग्णालयांत राऊंड पालकांसोबत, त्यांना समजेल अशा भाषेत आणि ठरलेल्या क्रमाने घ्यायला सुरुवात केली. एकूण चुका कमी झाल्या नाहीत, हेही सांगायला हवं. पण ज्या चुकांनी मुलाला इजा होते त्या ३८ टक्क्यांनी घटल्या, आणि राऊंडचा वेळ वाढला नाही.

आता तिसरा आक्षेप, जो मला सर्वांत वजनदार वाटतो. हे सगळं सरकारच्या पथ्यावर पडेल. नर्स भरायच्या नाहीत, मुलांच्या आयांना शिकवून फुकट राबवायचं, आणि काही बिघडलं की ‘आई लक्ष देत नव्हती’ म्हणायचं. ही भीती खरी आहे, आणि जो पालकांच्या सहभागाची बाजू घेतो त्याने तिच्याविरुद्ध आधी नियम मागितला पाहिजे. आईच्या हातात देखभाल द्यायची ती प्रेमाची, भरवण्याची, छातीशी धरण्याची. इंजेक्शन, ऑक्सिजनचा वेग, सक्शन, इन्फ्युजन पंप यांना तिने हात लावायचा नाही. नर्सांच्या संख्येत पालक धरायचे नाहीत, हे आदेशात शब्दशः लिहिलेलं असावं. आणि सुरक्षिततेची शेवटची फळी पालक असू नयेत. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध शिरेतूनच द्यायचं असतं. चुकून मणक्यात गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव घेतं. त्याच मुलांना मणक्यातही दुसरं औषध मिळत असल्यामुळे ही चूक जगभर झालेली आहे. यावर बापाला ‘लक्ष ठेवा’ सांगणं हा उपाय नव्हे. ते औषध सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइनच्या पिशवीत तयार करायचं, म्हणजे ते मणक्यात देणंच शक्य होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हेच सांगितलं आहे. पालकांच्या गटाने इथे एवढंच विचारायचं: आपल्याकडे पिशवी वापरतात का? प्रश्न विचारणारा आणि जबाबदारी वाहणारा यांतला फरक कागदावर स्पष्ट राहिला, तर आक्षेपाची धार जाते. उलट, नर्स किती कमी आहेत हे सर्वांत ठामपणे सांगणारा साक्षीदारही तोच गट असेल. रात्रपाळीच्या नर्सला आजवर असा साक्षीदार मिळालेला नाही.

डॉक्टरांवरचे हल्ले हा चौथा मुद्दा, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मारहाण होते, तोडफोड होते, आणि ती करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण हात उगारणारी गर्दी बहुतेक वेळा दाराबाहेरची असते, जिला आत काय चाललंय याची तासन् तास बातमी नसते आणि एकदम मृत्यूची खबर मिळते. ज्याला दिवसातून दोनदा, बसवून, त्याच्या बोलीत ‘काल असं होतं, आज असं आहे, उद्या ही भीती आहे’ सांगितलं, त्या बापाचं दुःख कमी होत नाही. पण शेवटची खबर त्याला अंधारातून आलेली वाटत नाही.

राहिला प्रश्न, या खुर्च्यांवर बसणार कोण. मोकळं सोडलं तर शहरातले, शिकलेले, दुचाकीवर येणारे पालक बसतील; त्यात आपल्यासारखी मराठी नोकरदार कुटुंबं पुढे असतील. वॉर्ड मात्र खरगोन, बडवानी, झाबुआ, खंडव्याच्या मुलांनी भरलेला असतो. म्हणून गट आठ जणांचा, त्यात निम्मे इंदूरबाहेरचे, किमान दोन बाप, आणि भिली-निमाडी बोलणारं कुणीतरी हवंच. मुलाचे उपचार किमान सहा महिने झालेले असावेत, आणि ज्याचं मूल आज अतिदक्षता विभागात आहे त्याला त्या महिन्यात बोलवू नये. बैठक ओपीडीच्या किंवा रक्त चढवण्याच्या दिवशीच, पाऊण तास, एका वेळी एकच विषय. बुडालेल्या मजुरीएवढे पैसे आणि बसभाडं त्याच दिवशी रोख. आठ जण, प्रत्येकी सातशे रुपये, वर्षाच्या बारा बैठका: ६७,२०० रुपये. रोगी कल्याण समितीला हा आकडा जड नाही. अधीक्षक किंवा निर्णय घेऊ शकणारं कुणी हजर नसेल तर बैठक घेऊच नये, कारण दुसऱ्या निष्फळ बैठकीनंतर पालक येत नाहीत. ठरलेल्या कामापुढे नाव आणि तारीख, तीस दिवसांत उत्तर, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर कारण. या आठातल्या दोघांना रोगी कल्याण समितीत मतासह जागा.

ज्यांचं मूल वाचलं नाही, त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे बोलायला हवं. त्यांना गटात लगेच ओढणं क्रूर आहे. वर्ष-दीड वर्षाने स्वतःहून कुणी आलं तर त्याच्याइतकं सूक्ष्म पाहणारं दुसरं नसतं. पण त्यांचा एक हक्क आजच देता येतो. बालमृत्यूच्या परीक्षणाच्या केंद्र सरकारच्या सूचना २०१४ पासून आहेत. त्यांत कुटुंबाला भेटून ताप कधी आला, आधी कुठे नेलं, वाहन किती वेळाने मिळालं, हे विचारायची तरतूद आहे. २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी औषधाने मुलं दगावली, तेव्हा लघवी बंद झाल्याचं आणि घरात कोणती बाटली होती हे सांगू शकणारे आई-बापच होते. माहिती अशी घरातून निघते, फॉर्मवर चढते, जिल्ह्याला जाते. परत काहीच येत नाही. परीक्षणात काय निघालं, कोणता उशीर टाळता आला असता, त्यावर रुग्णालयाने काय बदललं, हे एका पानावर, सोप्या हिंदीत किंवा त्यांच्या बोलीत वाचून दाखवून, सहा आठवड्यांच्या आत त्या घरी पोचलं पाहिजे. पोचवायला आशा कार्यकर्तीला एकटीला पाठवू नये. मुलावर ज्यांनी उपचार केले त्यांच्यापैकी एका डॉक्टरने फोनवर तरी असावं आणि आई-बापांचे प्रश्न संपेपर्यंत तो ठेवू नये.